रोखीचं घर

परदेशात घर घेतलं असं कळवलं की देशातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. खोल्या किती, बाग आहे का, हे सगळं नंतर. आधी "कर्ज किती?" आमचे काका तर दर फोनला एकच रेकॉर्ड लावतात: "तिथल्या जुन्या पंजाबी लोकांकडे बघ. रोख पैसे मोजून घरं घेतली त्यांनी. नाहीतर तुम्ही! पंचवीस वर्षं हप्ते भरत बसणार."

काकांचं मला कळतं. एचडीएफसी मुंबईत निघाली १९७७ साली. त्याआधीचा पगारदार माणूस पीएफ, सोसायटी, बायकोचे दागिने अशी मोट बांधून, बहुतेक वेळा निवृत्तीच्या तोंडावर, घर उभं करायचा. त्या पिढीला कर्ज म्हणजे अब्रूचा प्रश्न. पण काकांनी दिलेलं उदाहरण काही डोक्यातून जाईना. मी राहतो बर्मिंगहॅमच्या बाजूला. ज्या लोकांचं कौतुक काका करतात त्यांची घरं माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यावर आहेत. म्हणून जरा वाचायला घेतलं, आणि मग वाचतच गेलो.

तर मंडळी, १९४८च्या कायद्यानं राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येऊन राहायची मोकळीक होती. पंजाबातून, मीरपूरहून, जमैकाहून माणसं आली आणि ओतशाळांमध्ये, गिरण्यांमध्ये, बसगाड्यांवर कामाला लागली. भारतातून येताना परकीय चलनाचे निर्बंध इतके कडक की खिशात तीन पौंड घेऊन निघाल्याच्या आठवणी त्या काळातली माणसं अजून सांगतात. (आता रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर न्यायला परवानगी देते, आणि त्यातून परदेशात घरही घेता येतं. तेव्हा आजचा रोख घर घेणारा आणि तेव्हाचा, हे दोन वेगळेच प्राणी आहेत.) म्हणजे घरासाठी लागलेला पैसा गावाकडून आलेला नव्हता. तो इथेच, भट्टीसमोर ओव्हरटाइम करून जमवलेला होता.

भाड्यानं खोली मागायला जावं तर खिडकीत पाटी: काळ्या लोकांना जागा नाही. नगरपालिकेचं घर मागावं तर बर्मिंगहॅममध्ये आधी पाच वर्षं शहरात राहिलेलं असणं भाग. राहिलं विकत घेणं. त्यासाठी कर्ज देणाऱ्या इथल्या संस्था म्हणजे बिल्डिंग सोसायट्या. (आपल्या सोसायटीशी गल्लत करू नका. या ठेवी घेऊन घरासाठी कर्ज देतात.) त्यांना पाहिजे कायम नोकरी, आपल्याकडे आधीपासून ठेव असलेला ग्राहक, आणि घर शक्यतो नव्या धाटणीचं. नव्यानं आलेल्या मजुराकडे यातलं काहीच नसे. त्यात कातडीचा रंग. सोसायटीच्या साहेबाला तोंडानं "नाही" म्हणायचीसुद्धा गरज पडत नसे, आणि म्हटलं तरी त्याला अडवणारा कायदा नव्हता. १९६५च्या वंशभेदविरोधी कायद्यात घरांची खरेदी-विक्री आणि त्यासाठीची कर्जं आलीच नव्हती. ती आली १९६८च्या कायद्यात.

मग या लोकांनी काय केलं? भिशी लावली! पंजाबी-पाकिस्तानी तिला कमेटी म्हणतात, जमैकाचे लोक पार्डनर. नावं वेगळी, रीत आपल्या आईच्या भिशीचीच. दर आठवड्याला प्रत्येकानं ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकेकानं सगळा गल्ला उचलायचा. त्यात एका गावच्या, एका बिरादरीच्या माणसांनी दिलेली बिनव्याजी उसनवारी मिळवायची की झालं जुनं घर! काहींनी खासगी सावकाराचं जबर व्याजही सोसलं. म्हणजे काका ज्याला रोख म्हणतात त्यात कर्ज होतंच की. फक्त ते कागदावर नव्हतं, भावकीत होतं, आणि ते बुडवलं तर बँकेची नोटीस आली नसती, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

घरं मिळायची तीही इतरांना नको असलेली. ब्रॅडफर्डमध्ये एकमेकांना पाठ लावून बांधलेली कामगारांची जुनी घरं काहीशे पौंडांत निघत. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुकमध्ये मोठाली व्हिक्टोरियन घरं होती, पण त्यांच्या जमिनीचे नव्व्याण्णव वर्षांचे भाडेपट्टे संपत आलेले. पट्टा संपला की घर जमीनमालकाचं! त्या घरावर कोण कर्ज देणार? ज्याला दुसरा पर्याय नाही तोच ते घेणार, आणि पट्टा संपायच्या आत पैसे वसूल व्हावेत म्हणून खोल्याखोल्यांत माणसं ठेवणार. दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला झोपायचा. मग हेच शहर म्हणायचं, बघा, हे लोक किती दाटीवाटीनं राहतात! जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली स्पार्कब्रुकवर पुस्तक लिहिलं. हे चक्र त्यांनी फार नीट उलगडून दाखवलंय.

आता गंमत ऐका. जगातली पहिली बिल्डिंग सोसायटी म्हणून जिची नोंद आहे ती याच बर्मिंगहॅममध्ये, १७७५ साली, स्नो हिलवरच्या गोल्डन क्रॉस नावाच्या दारूच्या गुत्त्यात निघाली. गुत्त्याचा मालक रिचर्ड केटली. सभासदांनी दरमहा वर्गणी भरायची, एका घरापुरते पैसे साठले की ते एका सभासदाला द्यायचे, अशा सोसायट्यांमधून पाळी बरेचदा चिठ्ठ्या टाकून ठरे. शेवटच्या सभासदाला घर मिळालं की सोसायटी बंद! भिशीच की हो ही, घराची. पुढे १८४०च्या दशकापासून कायमस्वरूपी सोसायट्या निघू लागल्या. ठेवीदार वेगळा, कर्जदार वेगळा, मध्ये टाय लावलेला व्यवस्थापक. आणखी शंभरेक वर्षांनी त्याच गावात तो व्यवस्थापक ज्यांना दारातून परत पाठवत होता, ती माणसं त्याच्या खापरपणजोबांच्या पद्धतीनं घर घेत होती. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आणि रोख पैसे हातात असूनही भागत नसे, हे तर काकांना कुणी सांगितलेलंच नाही. बर्मिंगहॅमला लागून स्मेदिक आहे. तिथल्या मार्शल स्ट्रीटवर विक्रीला निघालेली घरं आशियाई लोकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून १९६४-६५मध्ये गोऱ्या रहिवाशांनी नगरपालिकेला साकडं घातलं की ही घरं तुम्हीच विकत घ्या आणि गोऱ्यांनाच द्या. नगरपालिका तयार झाली! गृहनिर्माण मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी त्यासाठी कर्ज काढायची मंजुरी नाकारली, म्हणून ते बारगळलं. १२ फेब्रुवारी १९६५ला मॅल्कम एक्स त्या गल्लीतून चालत गेला. त्यानंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. गल्ली आहे तशी आहे. साधी, लाल विटांची.

१९६२च्या कायद्यानं येण्यावर बंधनं आली तशी माणसांनी बायकामुलं बोलावून घेतली. भाडेकरूंच्या गाद्या गेल्या आणि त्याच खोल्यांमध्ये पाळणे आले. केटलीच्या जातीतली, काम झालं की बंद होणारी शेवटची सोसायटी १९८०मध्ये मिटली. कमेट्या मात्र चालू आहेत. आमच्या शेजारच्या सरदारणी आजींनी परवाच नातीच्या घरासाठी पहिला नंबर मागून घेतला. त्यातून पहिली रक्कम भरली, बाकीचं बँकेचं कर्ज, तीस वर्षांचं. पेढे आणून दिले तेव्हा आजींना विचारलं, तुमच्या वेळी मिळालं असतं कर्ज तर घेतलं असतं का? "लै!" म्हणाल्या पंजाबीत, "पहिल्या दिवशी घेतलं असतं, पुत्तर."