राक्षस मेला, पण पोपट कुठे होता?

आजीच्या गोष्टीतला राक्षस तलवारीने मरत नाही. त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. त्या पोपटाचा पत्ता काढण्यातच निम्मी गोष्ट जाते. मग पोपटाचा पाय मोडला की राक्षसाचा पाय तुटतो, मान मुरगळली की खेळ खलास. मारामारी अशी नसतेच. तरी ऐकणाऱ्याचं पोट भरतं, कारण राक्षस का मेला हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

ॲनिमेशनपटांनी परीकथा हातात घेतल्या तेव्हा पोपट गेला आणि तलवार आली. डिस्नेचा 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) घ्या. ग्रिम बंधूंच्या कथेत शंभर वर्षं भरतात, काटेरी कुंपणाला फुलं येतात आणि ते राजपुत्राला आपणहून वाट देतं. लढाईच नाही. पडद्यावर मात्र मॅलेफिसंट अजस्र ड्रॅगन होते, हिरव्या ज्वाळा उसळतात आणि फिलिप तलवार फेकून तिला मारतो.

दृश्य आजही जबरदस्त आहे. पण ढाल-तलवार पऱ्यांनी दिलेली आणि शेवटच्या क्षणी तलवारीवर मंत्रही त्यांनीच घातलेला. सिनेमाच्या शेवटच्या भागात फिलिप तोंडातून शब्दसुद्धा काढत नाही. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या सहा वर्षांच्या भाचीला हा शेवट मोबाईलवर दाखवला, तर तिने विचारलं, "मामा, पण त्याने काय केलं?" मी म्हटलं, तलवार फेकली ना. "ती तर परीची होती!"

आधी कुठेच डिक्लेअर न केलेलं व्हेरिएबल शेवटच्या ओळीत वापरलं की कंपायलर एरर देतो. सहा वर्षांची मुलंही देतात.

ही एरर एका दिग्दर्शकाच्या कामात आधी दिसते आणि मग दुरुस्त झालेलीही दिसते. त्याचं नाव रिचर्ड रिच. त्याच्या मागे मागे गेलं, की आपण थेट घाटकोपरला पोचतो.

रिच डिस्नेत होता. टेड बर्मनसोबत त्याने 'द ब्लॅक कॉल्ड्रन' (१९८५) दिग्दर्शित केला. काळ्या कढईतून मेलेल्या सैनिकांची फौज उठते, असा त्याचा शेवट. स्टुडिओत नव्याने आलेल्या जेफ्री कॅट्झेनबर्गला तो मुलांसाठी फारच भयानक वाटला आणि सुमारे १२ मिनिटं कापली गेली. बरीचशी कात्री या फौजेवरच चालली. पण खरी अडचण कात्रीच्या आधीची आहे. नायक टॅरनकडे जादूची तलवार असते, ती तो कढईच्या बदल्यात आधीच देऊन टाकतो. शेवटी खलनायकाला गिळते ती कढईच. लक्षात राहतो तो गुर्गी. प्रत्येक संकटात पळ काढणारा हा भित्रा प्राणी मित्रासाठी स्वतःहून कढईत उडी घेतो. त्या उडीची तयारी सिनेमाभर चाललेली असते, म्हणून ती पोचते. या सिनेमातला पोपट गुर्गीच होता. बनवणाऱ्यांनी मात्र सगळा दारूगोळा फौजेवर उडवला.

पुढे रिचने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि हाताने रंगवलेला 'द स्वॉन प्रिन्सेस' (१९९४) केला. इथे डेरेक आणि त्याचा मित्र ब्रॉमली शेवटाच्या बऱ्याच आधी एक खेळ खेळतात: समोरून आलेला बाण हवेत झेलायचा आणि लगेच उलटा सोडायचा. तेव्हा तो नुसता पोरखेळ वाटतो. शेवटी रॉथबार्ट अक्राळविक्राळ पशू होऊन झडप घालतो तेव्हा डेरेककडे बाण नसतो. ब्रॉमली बाण सोडतो, डेरेक तो झेलतो आणि थेट रॉथबार्टच्या छातीत मारतो. लढाई तीच, राक्षस तसाच. पण हा बाण आपण ओळखतो.

त्याहून मोठी उधारी वेगळीच आहे. ओडेटने सुरुवातीला विचारलेलं असतं की, तुला माझ्यात रूपाशिवाय काय दिसतं? डेरेकला उत्तर सुचत नाही आणि लग्न मोडतं. रॉथबार्ट मेल्यावरही ओडेट निपचित पडलेली असते. डेरेक तिच्या मनाचा चांगुलपणा आणि धैर्य बोलून दाखवतो, तेव्हा ती डोळे उघडते. बाणाने राक्षस मरतो, गोष्ट मात्र त्या उत्तराने संपते. हा सिनेमा तिकीटबारीवर आपटला. त्याच दिवशी, १८ नोव्हेंबर १९९४ ला, डिस्नेने 'द लायन किंग' पुन्हा थिएटरांत आणला होता.

२००० मध्ये रिचचा स्टुडिओ मुंबईच्या क्रेस्टने विकत घेतला. या क्रेस्टचं ऑफिस पुढे घाटकोपर पश्चिमेला एलबीएस मार्गावर होतं. लायन्सगेटसोबत केलेल्या 'अल्फा अँड ओमेगा'चं (२०१०) ॲनिमेशन क्रेस्टने मुंबईत केलं आणि तो अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित झाला. परीकथा नव्हे, लांडग्यांची प्रेमकथा. त्यातही भांडण कुणाचं? पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या टोळीचं! घाटकोपरकराला वेगळं समजवायला नको. दोन्ही टोळ्या भिडतात तेवढ्यात कॅरिबूंचा कळप उधळतो. त्यातून दोन्ही म्होरक्यांना वाचवायला केट आणि हम्फ्री ओंडक्यावरून घसरत येतात. हम्फ्रीची ही ओंडक्यावरची घसरगुंडी आपण सुरुवातीलाच पाहिलेली असते. सिनेमा बेताचाच आहे, पण पोपट जागेवर आहे.

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर चार मिनिटांची लढाई म्हणजे ५,७६० फ्रेम. त्या ज्वाळा, धूळ, आयाळीचा एकेक केस करणारे हात अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत भरपूर आहेत. पण 'अल्फा अँड ओमेगा'ची कथा आणि दिग्दर्शन अमेरिकेतल्या लोकांचंच होतं. प्रेक्षकाचं समाधान लढाईच्या फ्रेममध्ये नसतं, पहिल्या दहा मिनिटांत काय पेरलं यात असतं, आणि ते ठरतं कथेच्या टेबलावर. त्या टेबलावर आपली खुर्ची क्वचित असते. फ्रेम कशी रंगवायची हे आपल्याला शिकवायला लोक बाहेरून आले. पोपट कुठे ठेवायचा हे मात्र आपल्या आज्यांना आधीपासून माहीत होतं.