सापांचा भक्ष्यबदल

भक्ष्यबदल म्हणजे बंदिस्त अवस्थेतील सापाला सवयीचे भक्ष्य सोडून दुसऱ्या प्रकारचे भक्ष्य स्वीकारावयास लावण्याची क्रमबद्ध प्रक्रिया होय. जिवंत उंदराऐवजी मृत उंदीर, पालीऐवजी उंदराचे पिल्लू, बेडकाऐवजी मासा किंवा सापाऐवजी घूस असे या बदलाचे अनेक प्रकार आहेत. प्राणीसंग्रहालये, सर्पोद्याने, सर्पविष संकलन केंद्रे आणि परदेशी जातींचे साप पाळणारे लोक यांना या प्रक्रियेची गरज भासते. साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः गंधाने. त्यामुळे केवळ उपाशी ठेवून त्याचे खाद्य बदलत नाही. ओळखीच्या खुणा एकेक करून बदलणे, हे या प्रक्रियेचे मूलतत्त्व आहे.

भारतात स्थानिक जातींचे साप घरी पाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथे हा विषय घरगुती छंदापेक्षा मान्यताप्राप्त संस्थांच्या आणि नोंदणीकृत परदेशी सापांच्या संदर्भात अधिक येतो.

भक्ष्य ओळखण्याची यंत्रणा

सर्व साप मांसाहारी असून भक्ष्य सहसा अखंड गिळतात. साप आपली दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढून हवेतील व जमिनीवरील गंधकण गोळा करतो. हे कण टाळूत असलेल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोचतात आणि तेथून मेंदूला भक्ष्याची ओळख पटते. अजगरवर्गीय अनेक सापांच्या ओठांवर आणि चापड्यासारख्या सापांच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता जाणणारे खळगे असतात. अशा सापांसाठी भक्ष्याची ऊबही महत्त्वाची ठरते. हालचाल ही तिसरी खूण होय. हरणटोळासारखे दिवसा शिकार करणारे साप नजरेवर बराच भर देतात.

गंधाची ही ओळख बऱ्याच अंशी जन्मजात असते. अमेरिकी शास्त्रज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात, पूर्वी काहीही न खाल्लेल्या सापाच्या पिल्लांसमोर निरनिराळ्या प्राण्यांच्या त्वचेचा अर्क लावलेले कापसाचे बोळे धरले. ज्या जातीचे नैसर्गिक खाद्य गांडूळ, ती पिल्ले गांडुळाच्या अर्काला अधिक प्रतिसाद देत. मासे खाणाऱ्या जातीची पिल्ले माशाच्या अर्काकडे वळत. पुढील अभ्यासांत असेही दिसले की सुरुवातीच्या काळात मिळालेल्या खाद्यामुळे ही पसंती काही प्रमाणात बदलते. भक्ष्यबदलाची शक्यता याच लवचिकतेवर अवलंबून आहे.

स्टीव्हन आर्नल्ड यांनी कॅलिफोर्नियातील गार्टर स्नेकच्या एकाच जातीच्या दोन समूहांची तुलना केली. किनारपट्टीवरील साप कवच नसलेल्या गोगलगायी खातात. अंतर्भागात या गोगलगायी नसल्याने तेथील साप मासे व बेडूक यांवर जगतात. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पिल्लांना गोगलगायी देऊन पाहिल्या असता किनाऱ्याकडील बहुसंख्य पिल्लांनी त्या खाल्ल्या, तर अंतर्भागातील बहुसंख्य पिल्लांनी त्या नाकारल्या. समोर असलेली वस्तू पोषक असली, तरी सापाच्या लेखी ती 'अन्न' असेलच असे नाही, हे या अभ्यासातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील सापांचे खाद्य

भक्ष्यबदल किती सोपा वा अवघड जाईल, हे जातीच्या नैसर्गिक आहारावर अवलंबून असते.

• बहुभक्षी जाती: धामण आणि नाग हे उंदीर, बेडूक, सरडे, पक्षी असे विविध प्राणी खातात. अशा सापांत एका भक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणे तुलनेने सोपे असते.
• वयानुसार खाद्य बदलणाऱ्या जाती: घोणसीची पिल्ले पाली-सरडे यांसारखे लहान प्राणी खातात, तर प्रौढ घोणस मुख्यतः उंदीर-घुशींवर जगते. येथे निसर्गच भक्ष्यबदल घडवून आणतो.
• जलाशयाजवळील जाती: दिवड मासे व बेडूक खातो.
• मर्यादित आहाराच्या जाती: कवड्या मुख्यतः पाली खातो. मण्यार इतर साप, सरडे व उंदीर खाते. वाळा मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या यांवर जगतो.
• एकभक्षी जाती: भारतीय अंडीखाऊ साप केवळ पक्ष्यांची अंडी खातो. अंड्याचे कवच फोडण्यासाठी त्याच्या पाठीच्या मणक्यांना खाली वळलेले उंचवटे असतात, तर दात अत्यंत क्षीण असतात. महाराष्ट्रातील या सापाची पहिली नोंद अशोक कॅप्टन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या सापाचे शरीरच एका खाद्यासाठी घडले आहे, त्याच्या बाबतीत भक्ष्यबदलाचा प्रश्नच उद्भवत नाही.

नागराज हा प्रामुख्याने इतर साप खातो. पश्चिम घाटातील नागराज ही स्वतंत्र जात असल्याचे २०२४ मध्ये मांडण्यात आले. प्राणीसंग्रहालयात त्याला रोज साप पुरवणे शक्य नसते व योग्यही नसते. म्हणून मृत उंदराला किंवा घुशीला सापाच्या कातेचा वा त्वचेचा गंध लावून ते भक्ष्य त्याच्या अंगवळणी पाडले जाते. गंधाच्या आधारे केलेल्या भक्ष्यबदलाचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे.

भक्ष्यबदलाची कारणे

१. सुरक्षितता: जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करू शकतो. साप भुकेला नसेल आणि उंदीर पिंजऱ्यात रात्रभर राहिला, तर हा धोका अधिक असतो.
२. आरोग्य: रानातून पकडलेल्या बेडूक, पाली, मासे यांतून परोपजीवी जंतांचा संसर्ग होऊ शकतो. खाद्य गोठवल्याने अनेक परोपजीवी मरतात. साल्मोनेला जिवाणू मात्र गोठवूनही टिकतात.
३. पोषण: काही माशांत थायमिनेज हे विकर असते. त्यामुळे जीवनसत्त्व ब-१ नष्ट होते. केवळ अशा माशांवर ठेवलेल्या सापांत झटके व तोल जाणे ही लक्षणे दिसतात. मासे खाणाऱ्या गार्टर स्नेकला उंदरांवर आणण्यामागे हे एक मुख्य कारण असते.
४. उपलब्धता व संवर्धन: पाळीव सापासाठी रानातील पाली, बेडूक वा साप मारत राहणे निसर्गाच्या दृष्टीने हानिकारक आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले पांढरे उंदीर नियमित मिळू शकतात.

पूर्वतयारी

खाद्य नाकारणाऱ्या प्रत्येक सापाला भक्ष्यबदलाची गरज असते असे नाही. कात टाकण्याच्या सुमारास सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात व तो बहुधा खात नाही. थंडी, प्रजननकाळ, गर्भावस्था, नवी जागा, लपण्यास आडोसा नसणे, अपुरी ऊब, तोंडाचा वा श्वसनमार्गाचा संसर्ग ही उपासाची अन्य कारणे होत. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा साप निरोगी असूनही अनेक महिने उपास करू शकतो. त्याच्या पिंजऱ्याची उबदार बाजू सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू सुमारे २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. ऊब पुरेशी नसेल तर पचन मंदावते व गिळलेले भक्ष्य उलटून पडू शकते.

त्यामुळे बदल सुरू करण्यापूर्वी सापाचे वजन नोंदवणे, त्याने जुने भक्ष्य नियमित खाल्ल्याची खात्री करणे आणि नव्या सापाला काही दिवस न हाताळता स्थिरावू देणे आवश्यक असते. नवे भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून अधिक रुंद नसावे.

पद्धती

जिवंतावरून मृत भक्ष्याकडे: प्रथम नुकतेच मेलेले आणि नंतर गोठवून वितळवलेले भक्ष्य दिले जाते. गोठवलेला उंदीर शीतकपाटात सावकाश वितळवून, पिशवीत घालून कोमट ते गरम पाण्यात ठेवतात व त्याच्या अंगाला जिवंत प्राण्याइतकी ऊब आणतात. मायक्रोवेव्हमध्ये तो आतून शिजतो व फुटण्याची शक्यता असते. म्हणून ती पद्धत टाळली जाते. लांब चिमट्याने भक्ष्य धरून हळुवार हलवल्यास हालचालीची खूणही मिळते. बुजऱ्या सापाजवळ ते संध्याकाळी ठेवून पिंजरा झाकतात व सकाळी उरलेले काढून टाकतात.

गंधलेपन: नव्या भक्ष्याचा स्वतःचा वास कमी करण्यासाठी ते धुऊन कोरडे करतात. मग त्यावर जुन्या भक्ष्याची त्वचा, कात वा पाण्यातील अर्क चोळतात. कॉर्न स्नेकची काही पिल्ले सुरुवातीला केवळ सरडेच खातात. त्यांना सरड्याचा गंध लावलेले उंदराचे पिल्लू दिले जाते. भेक खाणाऱ्या हॉगनोज स्नेकसाठी भेकाचा गंध वापरतात. साप नियमित खाऊ लागला की दर खेपेस गंधाचे प्रमाण घटवीत शेवटी तो बंद करतात. घाईने एकदम गंध काढून घेतल्यास साप पुन्हा नकार देतो.

जोडभक्ष्य: साप जुने भक्ष्य गिळत असतानाच त्याच्या शेपटीच्या टोकाशी नवे लहान भक्ष्य लावतात. गिळण्याची क्रिया सुरू असल्याने साप बहुधा दुसरेही गिळतो. पुढे पहिल्याचा आकार कमी व दुसऱ्याचा वाढवला जातो.

मेंदूद्राव उघड करणे: मृत उंदराच्या डोक्याला छेद दिल्यास तीव्र गंध पसरतो. इतर उपाय फसल्यावर हा उपाय केला जातो.

साहाय्यित व सक्तीचे खाद्य: भक्ष्य सापाच्या तोंडात हलकेच ठेवून त्याला स्वतः गिळू देणे हे साहाय्यित खाद्य होय. नळीने अन्न पोटात घालणे हे सक्तीचे खाद्य होय. दोन्हींमुळे सापाला ताण येतो, तसेच जबडा व अन्ननलिका यांना इजा होऊ शकते. ही कामे पशुवैद्यकानेच करावयाची असतात.

दोन प्रयत्नांत पुरेसे अंतर ठेवले जाते. रोज भक्ष्य पुढे केल्याने साप बिथरतो. प्रौढ सापाच्या बाबतीत सहसा एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करतात, पिल्लांबाबत हे अंतर कमी असते. मूळ वजन सुमारे १० टक्के घटल्यास प्रयोग थांबवून सापाला जुने भक्ष्य देणे व पशुवैद्यकाकडे नेणे इष्ट समजले जाते. पिल्लांत शरीरसाठा कमी असल्याने त्यांच्याबाबत अधिक लवकर निर्णय घ्यावा लागतो. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस सापाला हाताळत नाहीत.

दूध: एक फसलेला भक्ष्यबदल

नागाला दूध पाजण्याची रूढी महाराष्ट्रात नागपंचमीशी जोडली गेली आहे. दूध हे कोणत्याही सापाचे खाद्य नाही व सापाचे शरीर ते पचवण्यासाठी घडलेले नाही. गारुड्याचा साप दूध पितो असे दिसते, कारण त्याला अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते व तहानलेला साप मिळेल तो द्रव पितो. असे दूध फुप्फुसात गेल्यास साप दगावतो. तहानेपोटी पिणे आणि अन्न म्हणून स्वीकारणे यांतील फरक या उदाहरणातून कळतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व मिरवणूक होत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर नाग पकडण्यावर व त्यांच्या प्रदर्शनावर बंदी आली.

कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये स्थानिक साप पकडणे, बाळगणे व विकणे यांस मनाई आहे. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत असून त्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. २०२२ च्या सुधारणेने आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची जोडली. ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते. बॉल पायथन या अनुसूचीच्या कक्षेत येतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियमही येथे लागू पडतो. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे हा त्यातील कलम ११ अन्वये गुन्हा आहे. त्यामुळे सापाला जिवंत उंदीर देण्याचा 'खेळ' लोकांना दाखवणे कायद्याच्या कचाट्यात येते.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर

पुण्यातील कात्रज सर्पोद्यानाची स्थापना १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने झाली. पुढे ते राजीव गांधी प्राणी उद्यानाचा भाग बनले. चिंचवडच्या संभाजीनगर भागात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणीसंग्रहालय असून ते सर्पोद्यान म्हणूनही ओळखले जाते.

पवना नदीकाठचे रावेत हे गाव गेल्या काही दशकांत शेतीकडून दाट नागरी वस्तीकडे वळले. शेते, ओढे व नदीकाठ यांना लागून इमारती उभ्या राहिल्या, की नाग, धामण, घोणस, दिवड हे साप आवारात व वाहनतळात दिसू लागतात. अशा वेळी सापडलेला साप बरणीत वा पेटीत ठेवून त्याला खाऊ घालण्याचा प्रयत्न अनेकदा होतो. तो साप बहुधा काहीच खात नाही. त्याला भूक नसते असे नव्हे, तर भीती, अपुरी ऊब व अनोळखी गंध यांमुळे तो शिकारच करत नाही. त्याचा भक्ष्यबदल करणे बेकायदेशीर आहे आणि अनावश्यकही आहे. निरोगी प्रौढ साप थोडे दिवस उपाशी राहू शकतो आणि मुक्त केल्यावर आपले भक्ष्य आपण शोधतो. साप आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते. जखमी साप पशुवैद्यकीय उपचारांनंतर वनविभागाच्या देखरेखीखाली नैसर्गिक अधिवासात सोडले जातात. जे साप पुन्हा शिकार करू शकणार नाहीत, तेच संस्थेत राहतात आणि वर वर्णन केलेल्या पद्धतींची गरज त्यांनाच असते.

हेसुद्धा पहा

• भारतीय अजगर
• धामण
• नागराज
• जेकबसनचे इंद्रिय
• कात्रज सर्पोद्यान
• वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२