दिल्ली मानवली

सुट्टीत नागपूरला गेलो की मामी दारातच म्हणायची, ‘पोरीला दिल्ली मानवली हो!’ १९७४च्या जूनमध्ये बाबांची बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते, काटकुळी. पहिल्याच हिवाळ्यात आजी गेली. पत्र आलं, बाबा एकटे जाऊन आले. त्यानंतर शाळेतून आले की मी रजई ओढून पडून राहायचे. कुणी खेळायला बोलावलं तरी उठायचे नाही. संध्याकाळी मात्र शेजारच्या बीजींकडे तुपात निथळणारे पराठे खायचे. तीन वर्षांत आईने माझ्या फ्रॉकची शिवण किती वेळा उसवली, त्याची गणती नाही. १९७७चं शाळेचं तपासणीपत्रक अजून माझ्याकडे आहे. वजन ४६ किलो, प्रकृती उत्तम.

आम्ही लाजपतनगरात भाड्याने राहत होतो. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही वस्ती. बीजी लायलपूरच्या. छावणीतले दिवस काढलेल्या त्या बाईला भरलेलं अंग म्हणजे संकट टळल्याची खूण वाटे. ‘सेहत बन गई’ म्हणताना तब्येत आणि गुबगुबीतपणा यांत त्या फरक करत नसत. आपण तरी कुठे करतो? बाळसं धरलं, अंगाला लागलं, मानवलं. लहान मुलाचं वजन वाढलं की मराठीतही आधी कौतुकाचेच शब्द तोंडी येतात.

फार पुढे कळलं, की त्या वर्षांत त्याच परिसरातली मुलं नियमितपणे मोजली जात होती. १९६९ साली सफदरजंग रुग्णालयातल्या डॉ. शांती घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण दिल्लीचा सुमारे १२ चौरस किलोमीटरचा भाग निवडला. १९७२पर्यंत तिथे जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक बाळांची नोंद झाली. त्यांची उंची-वजनं आधी काही महिन्यांच्या अंतराने आणि मग दर सहा महिन्यांनी घेतली गेली. मी त्या यादीत नव्हते. माझा जन्म नागपूरचा, १९६६चा. पण यादीतली मुलं माझ्या धाकट्या भावाबरोबर गल्लीत गोट्या खेळत असणार, या कल्पनेने मला आजही गंमत वाटते.

तेव्हाची काळजी होती ती मुलं जगतात का, वाढतात का, याची. १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातही वजनकाटा होता तो रोडावलेली मुलं शोधण्यासाठी. काटा वर गेला की सगळे निश्चिंत. दिल्लीच्या त्या मुलांपैकी सुमारे १,५०० जण २६ ते ३२ वर्षांचे असताना पुन्हा तपासले गेले, आणि २००४ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना मधुमेह किंवा त्याच्या अलीकडची अवस्था आढळली, ते साधारणपणे दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर लवकर, वेगाने भरत गेले होते. बाराव्या वर्षीही त्यांना लठ्ठ म्हणता आलं नसतं. म्हणजे ‘मानवलं’ म्हणून आपण जिथे थांबतो, तिथूनच गोष्ट सुरू होत होती.

मनाची मोजणी याहून उशिराची. मुलाचं मन पुरतं घडलेलं नसतं, त्यामुळे त्याला मोठ्यांसारखं नैराश्य येऊच शकत नाही, असं मनोविश्लेषणाच्या परंपरेतले अनेक जण मानत. १९७१ साली स्टॉकहोमला युरोपातल्या बालमनोविकारतज्ज्ञांनी बालपणातल्या नैराश्यावर परिषद घेतली. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नव्या निदानसूचीने मोठ्यांचेच निकष मुलांनाही लावले. मी रजईखाली पडून होते ती वर्षं नेमकी या दोहोंच्या मधली.

दोन्ही धागे एकत्र आले ते २००१ साली. डॅनियल पाइन आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेली ९० मुलं आणि मनोविकार नसलेली ८७ मुलं दहा ते पंधरा वर्षांनी पुन्हा गाठली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक पहिल्या गटात सरासरी २६.१, दुसऱ्यात २४.२. औषधं आणि आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही फरक उरला. नैराश्य जितकं लांबलं, तितका आकडा वाढलेला दिसला. भारतीयांसाठी २००९ साली ठरलेल्या निकषांत लठ्ठपणाची रेषा २५वर आहे, म्हणून मला हा फरक किरकोळ वाटत नाही. २०१०च्या एका एकत्रित विश्लेषणात मोठ्यांबाबत तर दोन्ही दिशा दिसल्या: नैराश्यातून लठ्ठपणा, लठ्ठपणातून नैराश्य. झोप बिघडते, हालचाल थांबते, गोड-तुपकट खाण्याने घटकाभर बरं वाटतं. मग वर्गातली मुलं ‘मोटी’ म्हणू लागतात, आणि मूल पुन्हा रजईत शिरतं. अर्थात काही उदास मुलं जेवणच टाकतात. त्यांच्याकडे घराचं लक्ष लगेच जातं. खाणाऱ्या मुलाकडे कोण बघतो?

माझ्याबाबतीत दोष कुणाला द्यावा, हे मला कधी ठरवता आलेलं नाही. बीजींचा पराठा हा त्या घरातला माझ्याशी झालेला सगळ्यात प्रेमळ संवाद होता.

१९७९च्या उन्हाळ्यात मामीने आजीची पानाची पितळी डबी माझ्या हातात दिली. झाकण उघडलं तर कातासुपारीचा वास तसाच. मी तिथेच बसून रडले, पाच वर्षांत पहिल्यांदा. मामी घाबरली, पाणी आणायला धावली. वजन त्यानंतरही उतरलं नाही. पुढच्या वर्षी फ्रॉक जाऊन सलवार-कमीज आली, आणि आईचं शिवण उसवणं थांबलं.