आधी पडायला शिका

ज्युदोच्या वर्गात नवख्याला आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, डोकं गादीपासून वर, पाठ टेकता टेकता तळहाताची जोरदार चापट. याला ‘उकेमी’ म्हणतात. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोच्या एइशो-जी मंदिरात सुरू केलेल्या ज्युदोचा हा पाया.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या वाट्याला ही गादी फार उशिरा आली. 1866 मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्लिश डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, पण त्यांना वंशाचं लेबल लावून; ‘मंगोल’ हा शब्द शतकभर चिकटला. 1959 मध्ये पॅरिसच्या मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि रेमों तुर्पां यांनी एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत दाखवली. मंगोलियाच्या आग्रहावरून जागतिक आरोग्य संघटनेने 1965 मध्ये तो शब्द टाकला. 1968 मध्ये शिकागोत बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठीचं पहिलं स्पेशल ऑलिंपिक्स भरलं आणि ही मुलं मैदानावर दिसू लागली.

मग मानेचा प्रश्न आला. या मुलांचे अस्थिबंध सैल असतात. त्यामुळे काहींच्या मानेतला पहिला मणका दुसऱ्यावर प्रमाणाबाहेर सरकतो आणि मज्जारज्जूवर दाब येण्याची भीती असते. स्पेशल ऑलिंपिक्सने 1983 मध्ये मानेचा एक्स-रे सक्तीचा केला. पुढच्याच वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याला दुजोरा दिला. 1995 मध्ये मात्र याच अकादमीने सांगितलं, की अशा सरसकट एक्स-रेचा उपयोग सिद्ध झालेला नाही. भीती खोटी नव्हती, पण एका चित्रावरून मुलाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरवणं चुकीचं होतं.

कराटेला एक वाट सापडली. ‘काता’ म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नसताना ठरलेल्या क्रमाने केलेले वार आणि बचाव. 2014 मध्ये ब्रेमेनच्या जागतिक कराटे स्पर्धेत बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी कातातच स्वतंत्र गट होता. मानेला धक्का नाही, आणि कस मात्र तोल, स्मरण, एकाग्रता या सगळ्यांचा.

ज्युदोतही गुडघ्यांवरून पडण्यापासून सुरुवात करता येते. घाई नको, एवढंच.

म्हणून पालकांनी मुलाला वर्गात घालण्याआधी डॉक्टरांना मान दाखवावी. प्रशिक्षकांनी मूल कसं चालतं यावर रोज नजर ठेवावी. चाल बदलली, मान दुखू लागली, डोकं एका बाजूला कलू लागलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी सराव थांबवून डॉक्टर गाठावा.