स्वस्त द्राक्षांची किंमत कोण मोजतो?

‘मजुरी वाढवली की महागाई वाढते. मग गरिबानेच खायचे काय?’

ऊसतोड कुटुंबांच्या वस्त्यांवर काम करताना हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. बोलणारा बहुधा बागायतदार असतो, कधी शहरातला सुशिक्षित नोकरदार असतो. त्याला गरिबाच्या ताटाची एवढी काळजी आजवर कधी वाटलेली नसते. मजुरीचा विषय निघाला की मात्र ती एकदम उफाळून येते. हा युक्तिवाद केवळ आपल्याकडचा नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात तो शंभर वर्षे चालला आहे आणि तिथे तो तपासूनही झाला आहे. म्हणून आज आपण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा इतिहास पाहू.

कॅलिफोर्नियातली शेती म्हणजे हजारो एकरांची फळबाग आणि भाजीपाला. तिला हंगामापुरते हजारो हात लागतात आणि हंगाम संपला की ते नको असतात. हे हात कोणाचे? आधी चिनी मजुरांचे. १८८२ साली कायदा करून चिन्यांना देशाचे दार बंद केले. मग जपानी आले, पंजाबातून आपले लोकही गेले. १९०७ नंतर जपानी मजुरांची आणि १९१७ च्या कायद्याने भारतीयांची वाट अडवली. नंतर फिलिपिनो आले. १९३४ साली त्यांची संख्या वर्षाला फक्त ५० वर आणून ठेवली. १९४२ साली मेक्सिकोशी करार झाला आणि ‘ब्रासेरो’ मजूर आणले गेले. ही योजना १९६४ पर्यंत चालली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापली गेली. ती अनेकांच्या हाती कधीच आली नाही.

क्रम नीट पाहा. एक गट स्थिरावला, हक्क मागू लागला की दुसरा गट आणायचा. फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन कामाला लावायचे, मेक्सिकन अडून बसले की फिलिपिनो. राहायच्या छावण्याही वेगवेगळ्या. मधे मजूर पुरवणारा ठेकेदार, म्हणजे आपला मुकादमच. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, अशी मांडणी बाबासाहेबांनी १९३६ साली केली होती. कॅलिफोर्नियात जात नव्हती, पण मालकाला हवी असलेली वाटणी तिथेही होती. वंशाने आणि पासपोर्टने ते काम केले.

या वाटणीवर कायद्याचा शिक्काही बसला. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा झाला. १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. दोन्हींतून शेतमजूर वगळले. घरकामगारही वगळले. दक्षिणेकडच्या राज्यांत ही दोन्ही कामे प्रामुख्याने काळ्या माणसांची होती आणि कायदा संमत व्हायला तिथल्या गोऱ्या खासदारांची मते हवी होती. शेतमजुराला किमान वेतन मिळायला १९६६ ची दुरुस्ती यावी लागली, तीही मोठ्या शेतांपुरती. जादा तासांचा वाढीव दर तर केंद्रीय कायद्याने त्याला आजही दिलेला नाही.

इथे आपल्याला अभिमानाने एक गोष्ट सांगायची आहे. किमान वेतनाचे विधेयक भारतात १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते मजूर खात्याचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी. १९४८ साली कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात शेतीचा स्पष्ट समावेश होता. अमेरिकेने ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याला आपल्या कायद्याने पहिल्यापासून आत घेतले. अंमलबजावणी का झाली नाही, हा प्रश्न कायद्याला विचारायचा नसून गावातल्या सत्तेला विचारायचा आहे.

आता १९६५. ब्रासेरो योजना नुकतीच बंद झाली होती. मजूर मिळणार नाहीत, पिके सडतील, अन्न महागेल, अशी हाकाटी बागायतदारांनी केली होती. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो गावात फिलिपिनो द्राक्षमजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. मागणी तासाला १.४० डॉलरची. यापूर्वी मेक्सिकन मजूर आणून असे संप मोडले गेले होते, हे इटलियाँग जाणून होते. म्हणून त्यांनी सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या मेक्सिकन मजुरांच्या संघटनेला हाक दिली. १६ सप्टेंबरला तीही संपात उतरली. ज्या दिवशी हे दोन गट एका रांगेत उभे राहिले, त्या दिवशी मालकाचे जुने हत्यार बोथट झाले.

संप पाच वर्षे चालला. मजुरांनी शहरातल्या ग्राहकांना द्राक्षे खाऊ नका असे आवाहन केले आणि लाखो लोकांनी ते मानले. २९ जुलै १९७० रोजी डेलानोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. तासाला १.८० डॉलर ठरले. कंबर मोडणाऱ्या आखूड दांड्याच्या खुरप्यावर १९७५ साली राज्यात बंदी आली. म्हणजे स्वस्त माल हवा म्हणून ग्राहक मजुराच्या विरोधातच असतो, हे गृहीतच खोटे ठरले.

इतिहास सांगताना आपण आपल्या बाजूच्या चुका लपवू नयेत. ब्रासेरो बंद झाल्यावर कारखान्यात जाणाऱ्या टोमॅटोची तोडणी काही वर्षांतच यंत्राने होऊ लागली. मजुरी वाढली की मालक यंत्राकडे वळतो, हे खरे आहे आणि चळवळीला त्याचे उत्तर तयार ठेवावे लागते. दुसरी चूक अधिक वेदनादायक. १९७४ च्या सुमारास याच संघटनेने संप फोडतात म्हणून कागदपत्रे नसलेल्या मजुरांना सरकारी यंत्रणेकडे पकडून देण्याची मोहीम चालवली. इटलियाँग तर १९७१ सालीच संघटनेतून बाहेर पडले होते. वाटणीविरुद्ध लढणारेच नवी वाटणी करू लागले. आपल्या चळवळीतल्या फुटी आठवल्या की हे वाचताना मान खाली जाते.

आता मूळ प्रश्न, महागाईचा. फ्लोरिडातल्या इमोकाली येथील टोमॅटो मजुरांनी मोठ्या खाद्य कंपन्यांकडे काय मागितले? पौंडामागे फक्त एक सेंट जास्त. चार वर्षांच्या बहिष्कारानंतर २००५ साली टॅको बेलने ते मान्य केले. बर्गर महाग होऊन कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही. २०२० साली डॅनियल कोस्टा आणि फिलिप मार्टिन या अभ्यासकांनी हिशेब मांडला. शेतमजुरांची मजुरी ४० टक्क्यांनी वाढवली आणि तो सगळा बोजा ग्राहकावर टाकला, तरी एका कुटुंबाचा खर्च वाढेल वर्षाला सुमारे २५ डॉलर. वर्षाला! कारण दुकानातल्या किमतीत मजुराचा वाटा फारच थोडा असतो. बाकीचा पैसा वाहतूक, साठवण, दलाल आणि दुकानदार यांच्याकडे जातो.

हा अमेरिकेचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही, हे आम्हाला समजते. आपल्याकडचा लहान शेतकरी स्वतःच भावाअभावी पिचलेला आहे आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण प्रश्न तोच विचारावा लागेल. साखरेच्या किलोत कोयत्याचा वाटा किती? नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता धरले जातात, उचल फिटत नाही, लेकराची शाळा बुडते. हा खर्च कुठल्या भावात धरला जातो? तो भावात नसतो, तो बाईच्या अंगावर आणि लेकराच्या भविष्यावर असतो. स्वस्त अन्न नावाची वस्तूच नसते. त्याची उरलेली किंमत कोणीतरी दुसरा भरत असतो.

पुढच्या वेळी कोणी ‘मजुरी वाढली की महागाई’ म्हटले, तर रागावू नका. पाटी-पेन्सिल घ्या आणि म्हणा, ‘दादा, हिशेब मांडू. किलोमागे मजुराला किती, कारखान्याला किती, व्यापाऱ्याला किती?’ बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते यासाठीही.

जय भीम!