गुन्हेगार जमाती : पोलिसी संशोधन

माणूस पुढे कसा वागेल हे त्याच्या जन्मावरून ठरविता येते, या गृहीतकावर ब्रिटिश हिंदुस्थानात शासकीय खर्चाने झालेला अभ्यास व त्यावर आधारलेली बंदोबस्ताची पद्धती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखाद्या समूहास सरसकट गुन्हेगार घोषित करण्याचा अधिकार शासनास दिला. त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. १९११ च्या कायद्याने तो अंमल मुंबई इलाख्यावरही आला. बोटांचे ठसे, हजेरी व परगावी जाण्याचा परवाना ही त्याची साधने होत.

या पद्धतीचा प्रातिनिधिक ग्रंथ म्हणजे एम्. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर लिहिलेली टिपणे (१९०८). भामटे, कैकाडी, पारधी इत्यादींचा पेहराव, बोली, चोरीच्या रीती व माल लपविण्याच्या जागा त्यात बारकाईने नोंदविल्या आहेत. निरीक्षणे पुष्कळ असली, तरी ती बहुतांशी पोलिसांच्या नजरेतून झालेली. कष्ट करून पोट भरणारा त्यांत क्वचितच दिसतो. शिवाय हजेरी चुकविणे हाच गुन्हा ठरल्याने भाकीत स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करी.

नांदेड व लातूरचा प्रदेश त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे ब्रिटिश कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. परंतु भटक्या कुटुंबांच्या वाटा संस्थानाची हद्द मानीत नव्हत्या. लगतच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत (लोकभाषेत 'सेटलमेंट') होती व तेथील लोकांना गिरण्यांत कामास लावीत. संस्थानातील जातिजमातींची स्वतंत्र नोंद सय्यद सिराज-उल-हसन यांच्या ग्रंथात (१९२०) आढळते.

अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जाती आहेत. मात्र सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांमुळे पोलिसांचा संशय टिकून राहिला. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) या आत्मकथनात या संशयाखालील जगणे आतून आले आहे. त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. केनेडीच्या टिपणांत ज्यांचे केवळ वर्णन झाले, त्यांच्यातीलच एकाने लिहिलेला हा दस्तऐवज होय.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुन्ह्यांचा तपास व पूर्वानुमान यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणारी 'मार्व्हल' ही कंपनी नागपूर येथे स्थापन केली. अशा यंत्रणांना पोलिसांच्या जुन्या नोंदी पुरविल्या गेल्यास त्या नोंदींतील नावे कोणत्या वस्त्यांतून आली, हा प्रश्न विमुक्तांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.