आधी श्वास बघायचा



आजारी लेकरापाशी गेल्यावर आधी काय बघाल? अंगाला हात लावून ताप, बरोबर? नर्सताईंच्या शिक्षणात मात्र पहिला नंबर श्वासाचा. हे शिक्षण गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायकांच्या हाती कसं आलं, ते आज सांगते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळंतपणं तेव्हा बहुतेक घरीच. न्यूमोनियानं पुष्कळ लेकरं दगावत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला, तर धोका. पण अनेक सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग मण्यांचं एक साधन केलं, सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, की उपचार. दहापर्यंत कोणाला येत नाही?

पुढे १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळ जन्मलं की आधी बघायचं, रडलं का, श्वास घेतंय का. नसेल घेत, तर तोंडावर मास्क धरून हवा द्यायची. मग कोरडं पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत, अंगावर पाजायला. वजन त्यानंतर. पुढच्या भेटींत रडणं क्षीण झालं का, ओढून पीत नाही का, अंग गार किंवा लुळं पडलं का, हे बघायचं आणि आईलाही विचारायचं. मला यातलं आईला विचारणं फार मोलाचं वाटतं. बदल तिलाच आधी कळतो. जंतुदोषाची लक्षणं दिसली तर दवाखान्यात न्या म्हणायचं. घरचे नेत नसतील, तर त्यांच्या संमतीनं आरोग्यदूत घरीच इंजेक्शन देई. तेव्हा हे मोठंच धाडस होतं!

त्या गावांत आधी हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात. तीन वर्षांत हा आकडा पंचविसाच्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

२०११ पासून देशभर आशाताई याच कामासाठी घरी येतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. ताई श्वास मोजत असेल तेव्हा बाळाचं झबलं वर करून द्या. बाळ रडत किंवा पीत असेल तर ती थांबेल. पूर्ण एक मिनिट मोजेल. साठ भरले, तर पुन्हा एकदा मोजेल.